पंखातले पाणी आणि वरचा गारठा: विमानांच्या फ्लॅपकडे पावसाळ्याआधी पाहा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत झालेल्या विमान अपघातानंतर ‘फ्लॅप’ हा शब्द मराठी घराघरांत पोहोचला. दूरचित्रवाणीवर चित्रफीत थांबवून, पंखाकडे बोट दाखवून, फ्लॅप उघडे होते की नव्हते यावर दिवसच्या दिवस वाद झाले. महिन्याभराने तपास यंत्रणेचा प्राथमिक अहवाल आला, फ्लॅपची दांडी उड्डाणासाठी योग्य अशा ५ अंशांच्या खाचेतच होती असे त्यात नमूद झाले आणि हा विषय सार्वजनिक चर्चेतून नाहीसा झाला. त्या अपघातापुरते ते योग्यच झाले. मात्र फ्लॅपच्या यंत्रणेचे एक खरे आणि जुने दुखणे आहे, ते थंडीत डोके वर काढते आणि आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या पावसाळी हवेशी त्याचे जवळचे नाते आहे. विमान देखभालीच्या कामात उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्याविषयी आत्ता लिहावेसे वाटते, याचे कारण नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि २०२६ चा पावसाळा हा तेथील प्रवासी विमानांचा पहिलाच पावसाळा.

फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे सरकते पाते. विमान उंचावर वेगाने जात असते तेव्हा ते आत ओढलेले असते. उतरण्याच्या आधी वैमानिक ते टप्प्याटप्प्याने मागे आणि खाली सरकवतो, त्यामुळे पंखाचा आकार रुंद आणि अधिक वक्र होतो आणि कमी वेगातही विमानाचे वजन पेलण्याइतकी उचल मिळते. खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला उतरण्यापूर्वी जी घरघर ऐकू येते, ती बहुतेक वेळा याच यंत्रणेची असते. पंखाखाली होडीच्या आकाराची जी लांबट आवरणे दिसतात, त्यांच्या आत फ्लॅपचे रूळ आणि त्यांचे सांधे असतात. सध्याच्या बहुतेक मोठ्या प्रवासी विमानांत पोटाच्या भागात हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारी) मोटर बसवलेली असते, तिच्यापासून दोन्ही पंखांच्या मागच्या कडेने लांब शाफ्ट, म्हणजे फिरणारे दांडे, गेलेले असतात आणि त्या शाफ्टवर ठिकठिकाणी अ‍ॅक्च्युएटर असतात, जे शाफ्टच्या फिरण्याचे रूपांतर फ्लॅपच्या सरकण्यात करतात. काही विमानांत हे काम बॉलस्क्रू (गोळ्यांवर फिरणारा स्क्रू) करतो, काहींत गिअरची पेटी आणि दांडा, आणि काही लहान जेट विमानांत मोटर विजेवर चालते. मूळ रचना मात्र सगळीकडे एकच: शक्तीचा उगम मध्यभागी, आणि तिथून पंखाच्या टोकापर्यंत फिरणाऱ्या भागांची एक लांबलचक साखळी.

या साखळीचा सर्वांत मोठा धोका असा, की एका बाजूचा फ्लॅप सरकावा आणि दुसऱ्या बाजूचा सरकू नये. तसे झाले तर एका पंखाला जास्त उचल मिळते आणि विमान कलंडू लागते. म्हणून रचनाकारांनी दोन्ही टोकांना स्थिती मोजणारे संवेदक आणि ब्रेक बसवले आहेत. दोन बाजूंमध्ये थोडासा जरी फरक जाणवला, तरी संगणक ब्रेक लावतो आणि सगळी यंत्रणा आहे त्या जागी जखडून टाकतो. अ‍ॅक्च्युएटरमध्येही टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मर्यादेत ठेवणारा टॉर्क लिमिटर असतो. ठरलेल्यापेक्षा जास्त जोर लागतो आहे असे दिसताच तो साखळी अडवतो. ही व्यवस्था उत्तम आहे आणि तिने आजवर असंख्य जीव वाचवले आहेत. फ्लॅप ‘अडकणे’ ही घटना अनेकदा याच सुरक्षा व्यवस्थेची कृती असते, हे प्रवाशांनी समजून घ्यावे. पण ब्रेक का लागला, जोर का वाढला, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच, आणि त्याचे उत्तर पुष्कळदा थंडी आणि पाणी यांच्यात सापडते.

थंडी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लेह-श्रीनगर येते, आणि मुंबईच्या विमानांना थंडीचे काय, असा प्रश्न पडतो. या समजुतीपाशी थोडे थांबले पाहिजे. हवेचे तापमान दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते आणि ११ किलोमीटर उंचीवर ते प्रमाणित वातावरणात उणे ५६.५ अंश सेल्सिअस असते. नवी मुंबईहून दिल्लीला निघालेले विमान याच उंचीच्या आसपास तासभर तरी असते. वेगामुळे हवा दाबली जाऊन पंखाच्या पृष्ठभागाला थोडी ऊब मिळते, तरीही ध्वनीच्या सुमारे पाऊणपट वेगाने जाणाऱ्या विमानाच्या पंखाचे तापमान उणे २५ ते उणे ३० अंशांच्या घरात जाते. म्हणजे उलव्याच्या, अर्थात नवी मुंबई विमानतळाच्या, धावपट्टीवर ३० अंश तापमानात भिजलेला पंख अर्ध्या तासात गोठणबिंदूच्या बराच खाली जातो, आणि हे मे-जूनमध्येही घडते. विमानाचा हिवाळा उंचीवर असतो आणि तो बाराही महिने असतो.

आता पाण्याकडे येऊ. सांताक्रूझला सरासरी वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. नवी मुंबईचा विमानतळ तर पनवेलच्या खाडीलगत, पाणथळ जमिनीवर भराव घालून उभा राहिला आहे. तेथील हवेत ओलावाही आहे आणि मीठही. उभ्या विमानावर पाऊस कोसळतो तेव्हा पाणी वरून पडते, पण उतरताना आणि धावताना चाकांनी उडवलेले पाणी खालून आणि मोठ्या जोराने येते, आणि नेमके त्याच वेळी फ्लॅप पूर्ण उघडे असल्यामुळे एरवी झाकलेले रूळ, स्क्रू आणि सांधे उघड्यावर असतात. सीलमधून पाणी आत जाऊ नये अशी अपेक्षा असते. पण सील रबरी असतो, तो झिजतो आणि थंडीत कडक होतो. शिवाय बंद पेटीतली हवाही श्वास घेते: विमान वर गेले की आतली हवा बाहेर पडते, खाली आले की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि थंड धातूवर तिचे पाणी होते. म्हणून पाऊस न झेलताही अ‍ॅक्च्युएटरच्या आत थेंब थेंब पाणी साठू शकते. ते बाहेर जावे यासाठी खालच्या बाजूला लहान छिद्रे असतात. ती चिखलाने किंवा जुन्या घट्ट ग्रीसने बुजली की पाणी आतच राहते आणि पुढच्या उड्डाणात त्याचा बर्फ होतो.

बर्फ नसला तरी थंडी आपले काम करतेच. ग्रीस घट्ट होते. विमानांसाठीची काही ग्रीस उणे ७३ अंशांपर्यंत काम द्यावीत अशा निकषावर बनवलेली असतात, पण ही ग्वाही ताज्या, स्वच्छ आणि एकाच जातीच्या ग्रीससाठी असते. पाणी मिसळलेले, धुळीने भरलेले किंवा दोन न जुळणाऱ्या जातींचे मिश्रण झालेले ग्रीस त्या निकषाला उतरत नाही. धातूंचे आकुंचनही सारखे नसते. ६० अंशांच्या फरकाने दहा मीटर लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा भाग सुमारे १४ मिलिमीटर आखडतो आणि तेवढाच पोलादी शाफ्ट ७ मिलिमीटर. हा फरक सामावून घेण्यासाठी शाफ्टमध्ये सरकते जोड ठेवलेले असतात. पण ते जोड कोरडे पडले, गंजले, की फरकाचा सगळा ताण फिरणाऱ्या भागांवर येतो. हायड्रॉलिक तेलही थंडीत दाट होते आणि मोटर मंदावते. यांतले एकेक कारण किरकोळ वाटेल. पण टॉर्क लिमिटरला कारणे कळत नाहीत, त्याला एकूण जोर कळतो.

हे सगळे पुस्तकी नाही, याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण कॅनडात बनलेल्या ५० आसनी सीआरजे जेट विमानांचे आहे. ही विमाने काही वर्षे आपल्या देशातही उडत होती. त्यांचे फ्लॅप विजेच्या मोटरवर आणि लवचिक शाफ्टवर चालतात. ते वेगवेगळ्या स्थितीत अडकून पडण्याच्या घटना अनेक वर्षे घडत राहिल्या आणि अखेर २००७ मध्ये कॅनडाच्या आणि पाठोपाठ अमेरिकेच्या नियामकाने त्यावर सक्तीचे आदेश काढले. धोका कशाचा, हे त्या आदेशांत स्पष्ट मांडलेले आहे: उतरण्यासाठी लागणारे अंतर बरेच वाढते आणि दुसऱ्या विमानतळाकडे वळावे लागले तर इंधन हिशेबापेक्षा जास्त जळते. उपाय दोन्ही अंगांनी केले गेले. वैमानिकांसाठी कार्यपद्धती आणि प्रशिक्षण आले. देखभालीच्या बाजूने लवचिक शाफ्टच्या आवरणात पाणी शिरते का हे पाहणारी दाबाची चाचणी आली, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे अ‍ॅक्च्युएटर प्रत्यक्ष थंड करून, त्या थंडीत त्याला फिरवायला किती जोर लागतो हे मोजणारी चाचणी आली.

त्या चाचणीचे महत्त्व समजायला या दोषाचा स्वभाव ओळखावा लागतो. विमान उंचावर असताना अ‍ॅक्च्युएटरमध्ये बर्फ धरतो. खाली येताना हवा गरम होत जाते, पण जाड धातूच्या पेटीच्या आतला गारठा लगेच जात नाही, म्हणून फ्लॅप उघडायची वेळ येते तेव्हा तो अडकतो. वैमानिक नियमाप्रमाणे जास्त वेगाने, पण सुखरूप उतरतो आणि नोंदवहीत तक्रार लिहितो. अभियंते येऊन शिडी लावेपर्यंत मुंबईच्या उष्म्यात बर्फाचे पाणी झालेले असते, आणि कधी कधी ते पाणी गळूनही गेलेले असते. संगणक रीसेट केला जातो, फ्लॅप चार वेळा आत-बाहेर करून पाहिला जातो, सगळे सुरळीत चालते, आणि नोंदवहीत ‘तपासणी केली, दोष आढळला नाही’ असे लिहून विमान पुढच्या उड्डाणाला जाते. ते लिहिणारा अभियंता खोटे लिहीत नसतो. त्याला त्या वेळी खरोखरच दोष आढळलेला नसतो. मी स्वतः अशा नोंदींवर सह्या होताना पाहिल्या आहेत आणि त्या करणारी माणसे कामाला चोख होती. दोष ज्या तापमानात जन्माला येतो ते तापमान जमिनीवर उपलब्धच नसेल, तर कितीही चोख माणसाला तो सापडणार नाही. थंड प्रदेशातल्या देशांना हे आपोआप कळले, कारण त्यांच्याकडे विमान जमिनीवर आल्यावरही बर्फ वितळत नाही. आपल्याकडे तो पुरावाच वितळून जातो, आणि म्हणून हा दोष आपल्याला आपला वाटत नाही.

अडकलेल्या फ्लॅपने विमान उतरवता येते. प्रमाणपत्र मिळण्याआधी विमानाला ते सिद्ध करावे लागते आणि प्रत्येक वैमानिकाकडून सिम्युलेटरवर त्याचा सराव करून घेतला जातो. वाचकांना घाबरवण्याचा माझा हेतू मुळीच नाही. तरीही त्यातून काय खर्ची पडते ते पाहावे. ताशी २६० किलोमीटर वेगाने उतरणारे विमान फ्लॅपविना ताशी ३१५ किलोमीटरच्या आसपास उतरवावे लागले, तर ब्रेकना शोषून घ्यावी लागणारी गतिज ऊर्जा जवळजवळ दीडपट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. कोरड्या, लांब धावपट्टीवर हे निभावते. नवी मुंबईची धावपट्टी ३,७०० मीटर लांब आहे, ही तिची मोठीच जमेची बाजू आहे. पण जुलैतल्या मुसळधार पावसात, वाहत्या पाण्यावर, वारा आडवा असताना तीच लांबी तेवढी उरत नाही.

दुसरा प्रश्न इंधनाचा. मुंबई आणि नवी मुंबई हे दोन विमानतळ इतके जवळ आहेत, की एकावर ढगफुटीसारखा पाऊस असतो तेव्हा दुसऱ्यावरही बहुधा तेच हवामान असते. म्हणजे पावसाळ्यात वळायचे तर अहमदाबाद, हैदराबाद किंवा गोवा गाठावे लागते. फ्लॅप अर्धवट उघडे अडकले असतील तर विमानाला वेगाची आणि उंचीची मर्यादा येते (अनेक विमानांत फ्लॅप उघडे ठेवून २० हजार फुटांच्या वर जाताच येत नाही) आणि त्या खालच्या दाट हवेत, पसरलेल्या फ्लॅपचा अडथळा ओढत जाताना इंधन झपाट्याने संपते. नेहमीच्या हिशेबाने जवळ वाटणारे हैदराबाद अशा वेळी जवळ राहत नाही. कॅनडाने २००७ मध्ये जी दोन भये नोंदवली, अंतराचे आणि इंधनाचे, ती दोन्ही कोकण किनाऱ्यावरच्या पावसाळ्यात एकदम समोर उभी राहू शकतात, हे मला या पत्रातून प्रामुख्याने सांगायचे आहे.

लेहचा विचार वेगळा करावा लागतो. आपल्याकडचे एकच विमान दिवसभरात अनेक शहरे फिरते. काल रात्री पनवेलच्या पावसात भिजलेले विमान दोन दिवसांनी हिमालयात असू शकते. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ३,२५६ मीटर उंचीवर आहे. तिथली हवा विरळ असल्यामुळे वेगमापकावर तोच आकडा दिसत असतानाही विमान जमिनीवरून प्रत्यक्षात सतरा-अठरा टक्के जास्त वेगाने धावत असते. डोंगरांमुळे उतरण्याची दिशा सहसा एकच असते आणि दुपारच्या वाऱ्यांमुळे विमाने सकाळीच ये-जा करतात, म्हणजे हिवाळ्यात दिवसाच्या सर्वांत थंड प्रहरी. तेथे फ्लॅप अडकला तर वैमानिकाने उतरण्याचा हट्ट धरू नये आणि परत फिरावे, हेच शहाणपणाचे. पण परत फिरण्यासाठी लागणारे इंधन आधीच्या हिशेबात धरलेले असले पाहिजे.

अशा वेळी माणसाच्या मनावर काय ताण येतो, हेही ध्यानात घ्यावे. २७ जानेवारी २००९ रोजी अमेरिकेत टेक्सासमधील लबक येथे एक मालवाहू एटीआर ४२ विमान गोठवणाऱ्या झिमझिम पावसात उतरत असताना त्याचे दोन्ही बाजूंचे फ्लॅप सारखे उघडले नाहीत. दोघेही वैमानिक त्या बिघाडाकडे पाहत राहिले, वेग घसरत गेला आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच आदळले. दोघेही वाचले. चौकशीत मुख्य ठपका वेगावर लक्ष न ठेवल्याचा आला आणि तो योग्यच होता. तरीही एक यांत्रिक बिघाड, जो एरवी निभावून नेता आला असता, बर्फाळ हवेत दोन्ही वैमानिकांचे लक्ष कसे खेचून घेतो, हे त्या अपघाताने दाखवले. ‘विमान फ्लॅपविनाही उतरू शकते’ हे वाक्य खरे आहे, पण त्या वाक्याच्या भरवशावर देखभाल सैल सोडता येत नाही.

देखभालीत नेमके काय करायचे, हे देखभाल करणाऱ्यांना ठाऊक आहे. प्रश्न ते केव्हा आणि किती मन लावून होते एवढाच आहे. स्क्रूला किंवा सांध्याला ग्रीस भरायचे म्हणजे ग्रीसगनचे दोन दट्टे मारून पुढे जायचे नव्हे. नवे ग्रीस आत जाता जाता जुने ग्रीस आणि त्याच्याबरोबरचे पाणी बाहेर पडेपर्यंत भरत राहायचे असते. स्वच्छ, एकाच रंगाचे ग्रीस बाहेर आले की मग थांबायचे. या कामात कसूर झाल्याने काय होते याचा धडा ३१ जानेवारी २००० रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ मिळाला. अलास्का एअरलाइन्सच्या विमानाच्या शेपटीतील जॅकस्क्रूच्या नटाचे आटे वंगणाअभावी झिजून गेले आणि विमान समुद्रात कोसळून त्यातील सर्व ८८ जण मृत्युमुखी पडले. तो स्क्रू फ्लॅपचा नव्हता आणि कारण थंडीचेही नव्हते, पण स्क्रू आणि ग्रीस यांचे नाते सगळीकडे तेच आहे. विमान धुण्याबाबतही हेच म्हणावे लागेल. जोराच्या फवाऱ्याची नळी सीलवर आणि बेअरिंगवर रोखली की वर्षभराच्या पावसाने जाणार नाही एवढे पाणी मिनिटभरात आत जाते. म्हणून धुण्यानंतर त्या जागी पुन्हा ग्रीस भरण्याचा नियम आहे. रात्रीच्या चार तासांच्या मुक्कामात, सकाळी पाचच्या उड्डाणाची घाई असताना, धुणे पुरे होते आणि ग्रीस ‘पुढच्या वेळी’वर जाते. हँगरमध्ये काम केलेल्या कोणालाही हे नवीन नाही.

युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांबाबत आणखी एक गोष्ट जोडली पाहिजे. तिकडे हिवाळ्यात पंखांवरचा बर्फ काढण्यासाठी आणि तो पुन्हा धरू नये म्हणून दाट द्रव फवारतात. त्याचा काही अंश फटींत राहून वाळतो, पुढे पावसाच्या पाण्याने फुगून त्याची जेलीसारखी लुकण होते आणि उंचावर ती गोठते. नियंत्रक पृष्ठभाग जड होण्याच्या घटना यामुळे घडलेल्या आहेत. हिवाळाभर तिकडे ये-जा केलेले विमान जूनमध्ये आपल्या पावसात उभे राहते, तेव्हा हे अवशेष आधी धुऊन काढलेले असणे गरजेचे आहे.

माझ्या विनंत्या कोणाच्याही आवाक्याबाहेरच्या नाहीत. मुंबई आणि नवी मुंबईत मुक्काम असलेल्या विमानांसाठी फ्लॅपच्या साखळीची एक स्वतंत्र तपासणी मे महिन्यात आणि दुसरी ऑक्टोबरमध्ये व्हावी, असे नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने विमान कंपन्यांना सांगावे. सील पाहणे, पाणी निघण्याची छिद्रे उघडी आहेत याची खात्री करणे, शाफ्टच्या सरकत्या जोडांवरचा गंज तपासणे आणि संपूर्ण ग्रीस बदलणे एवढे तिचे स्वरूप असावे. निर्मात्याचे वेळापत्रक सगळ्या जगासाठी सरासरी धरून केलेले असते. खाडीकाठच्या खाऱ्या, ओल्या हवेसाठी ते कमी पडत असेल तर ते घट्ट करण्याचा अधिकार आपल्या नियामकाला आहेच. एकाच विमानावर फ्लॅपची तक्रार थोड्या दिवसांत दुसऱ्यांदा आली, तर ‘दोष आढळला नाही’ एवढ्यावर ते सोडू नये. संशयित अ‍ॅक्च्युएटर काढून थंड पेटीत ठेवावा आणि उणे तापमानात त्याचा टॉर्क मोजावा. अशा चाचणीची सोय मुंबई परिसरात असणे आता गरजेचे झाले आहे. नवी मुंबईत विमान देखभालीच्या सुविधा वाढायच्या आहेत, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात व वागळे इस्टेटमध्ये शीतकरणाची, अचूक मोजमापाची आणि सीलची कामे करणारे कारखाने पिढ्यानपिढ्या आहेत. आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या आपल्या मुलांना या कामात हात घालता आला, तर कौशल्यही इथेच तयार होईल.

आपल्या वृत्तपत्रालाही एक आग्रहाची विनंती आहे. ‘तांत्रिक बिघाडामुळे विमान माघारी’ अशी चौकट आपण छापता, तेव्हा बिघाड कोणत्या यंत्रणेत होता, विमानाने आदल्या दिवशी कोणकोणती शहरे केली होती, आणि तपासणीत पुढे काय आढळले, हे तीन प्रश्न विमान कंपनीला विचारावेत आणि उत्तर मिळाले नाही तर तसेही छापावे. पहिल्या दिवशीची बातमी सगळेच देतात. आठवड्यानंतरची बातमी क्वचितच कोणी देते, आणि या दोषाचा माग लागायचा तर तो त्या दुसऱ्या बातमीतूनच लागणार आहे.

प्रवाशांना एवढेच सांगावेसे वाटते, की उतरताना वैमानिकाने घोषणा करून विमान हवेतच घिरट्या घालत ठेवले, तर फ्लॅपची यादी तपासणे, नवा वेग काढणे, धावपट्टीचे अंतर मोजणे आणि इंधनाचा हिशेब करणे ही कामे त्या मिनिटांत चाललेली असतात. त्या वेळी उशिराबद्दल केबिन कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालू नये. आणि उतरल्यावर विमान तपासणीसाठी रात्रभर थांबवले, उड्डाण रद्द झाले, तर तो निर्णय घेणाऱ्या अभियंत्याच्या बाजूने उभे राहावे, कारण त्याच्यावर चहूबाजूंनी येणारा दबाव विमान लवकर सोडण्याचाच असतो.

मे महिन्याची तपासणी यंदा व्हायची असेल, तर तिचे आदेश आत्ताच निघाले पाहिजेत.

आपला,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)